सायकल, तंबू आणि कुत्रा : हैदराबादजवळची पहिली सहल कशी आखायची?

जाड टायरची गिअरची सायकल घेतली, तंबूही आला, आणि घरात कुत्रा आहेच. मग पुढचा प्रश्न ठरलेला : यालाही सोबत न्यायचं का?

नेता येतं. पण आधी एक गोष्ट समजून घ्या. दमलेला माणूस सायकल आडवी टाकून सावलीत बसतो. कुत्रा तसं करत नाही. मालक पुढे जातोय म्हटल्यावर तो जीभ बाहेर काढून, तळवे सोलले तरी मागे पळत राहतो, आणि बऱ्याचदा थेट कोसळतो. त्यामुळे पहिल्या सहलीचं सगळं गणित, म्हणजे अंतर, वेळ, पाणी आणि मुक्काम, कुत्र्याच्या ताकदीवर बसवायचं. सायकलची हौस त्यात जेवढी बसेल तेवढी भागवायची.

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर, उमरगा, बिदर, आदिलाबाद आणि खुद्द हैदराबादेतल्या मराठी वाचकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

जागा कोणती?

नवख्यांसाठी सोयीचा पट्टा म्हणजे विकाराबादजवळच्या अनंतगिरी टेकड्या आणि तिथून वीसेक किलोमीटरवरचा कोटपल्ली तलाव. हैदराबादपासून अनंतगिरी ७५ ते ८० किलोमीटर. मुसी नदी याच टेकड्यांतून निघते. वर अनंत पद्मनाभ स्वामींचं जुनं मंदिर आहे. चढ-उतार आहेत, पण सह्याद्रीसारखे अंगावर येणारे नाहीत. माती तांबडी, खाली जांभा दगड, मधे मुरमाड गाडीवाटा. पाऊस संपून महिना-दीड महिना झाला की या वाटा चांगल्या घट्ट होतात. काळ्या रानात चाकाला चिखल कसा गुंडाळतो हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. तो त्रास इथे तुलनेने कमी.

शहराच्या आत खाजागुडा, गचिबावली भागात मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या खडकांमधून सायकली चालवणारे बरेच आहेत. पण तो खडकाळ प्रकार शिकाऊ माणसासाठी नाही, आणि कुत्र्यासाठी तर नाहीच. तापलेल्या ग्रॅनाइटवर दहा मिनिटांत तळवे भाजतात.

एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांमध्ये विकाराबादजवळच्या दामगुंडम जंगलाचं नाव हमखास दिसतं. तिथे आता नौदलाचं व्हीएलएफ केंद्र उभं राहतंय. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. सुमारे २,९०० एकर वनजमीन त्यासाठी दिलेली आहे. तेव्हा जुना नकाशा बघून तिकडे सायकल घालू नका.

कुठे कुत्रा चालत नाही?

हैदराबादेतलं केबीआर, वनस्थळीपुरमचं महावीर हरिण वनस्थळी आणि चिलकूरजवळचं मृगवनी ही तिन्ही राष्ट्रीय उद्यानं आहेत. मेदककडचं पोचारम आणि संगारेड्डीजवळचं मंजिरा ही अभयारण्यं. अशा ठिकाणी पाळीव कुत्रा नेण्याचा विचारच करू नका.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि तिथे आग पेटवणं गुन्हा आहे. याच कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ फक्त मारणं एवढाच नाही. प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही त्यात येतं. म्हणजे तुमचा कुत्रा मोरामागे किंवा काळविटामागे सुटला, तर ‘तो खेळत होता हो’ हे उत्तर पुरणार नाही.

हे आपल्या भागातल्या कारवानी, पश्मी आणि मुधोळ कुत्र्यांच्या मालकांनी जास्त मनावर घ्यावं. लातूर, सोलापूर, बिदर, मुधोळ हा या जातींचा पट्टा. मुधोळवर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतलं. पण हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. ससा दिसला की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. असा कुत्रा मोकळ्यावर सोडायचाच नाही.

दुसरं कारण रोगाचं. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले. तपासणीत काही सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्येही असतो. लस न दिलेला कुत्रा जंगलाच्या कडेला नेणं हे जंगलावरही संकट आहे.

अनंतगिरीचं बरंचसं जंगल राखीव आहे. तिथे मनाने तंबू ठोकता येत नाही. मुक्काम करायचा तो खासगी शेतात, कॅम्पिंगची सोय देणाऱ्या जागेत, नाहीतर कुत्रा चालणाऱ्या रिसॉर्टच्या आवारात. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारा : कुत्रा चालतो का, जागेला कुंपण आहे का, आणि त्यांची स्वतःची कुत्री मोकळी असतात का. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि भांडण तिथेच होतं.

तुमचा कुत्रा या सहलीसाठी योग्य आहे का?

- वय : वर्षाच्या आतल्या पिल्लाला सायकलमागे पळवू नये. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला दीड वर्ष लागू शकतं.
- जात : पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाची मुळातच अडचण असते. त्यांना तंबूपर्यंत न्या, सायकलमागे नको. हस्की किंवा सेंट बर्नार्डसारख्या दाट केसाळ कुत्र्यांचंही तेच.
- देशी कुत्रा : आपल्या हवेत वाढलेला, अंगाने सडसडीत. या कामाला सगळ्यात बरा.
- तब्येत : जाण्याआधी तीन-चार आठवडे पशुवैद्याकडे न्या. हृदय, सांधे आणि वजन तपासून घ्या. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी चालू आहेत का बघा. जंताचं आणि गोचिडाचं औषध द्या. गोचीड-ताप आपल्याकडे कुत्र्यांचा मोठा शत्रू आहे.

लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. राज्याची सीमा ओलांडून जाताना ते जवळ असलेलं बरं. कुत्रा कुणाला चावला, तर पहिल्यांदा तेच मागतात. हैदराबाद महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी कुत्र्याची नोंदणीही करून घ्यावी.

सहा आठवड्यांची तयारी

पहिले दोन आठवडे सायकल चालवायचीच नाही. ती हातात धरून कुत्र्यासोबत चालायचं. चाकाचा, चेनचा आवाज त्याच्या सवयीचा होऊ द्या. ‘थांब’, ‘हळू’, ‘सोड’, ‘इकडे ये’ हे चार शब्द पक्के करा. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. एकाने ‘थांब’ आणि दुसऱ्याने ‘स्टॉप’ म्हटलं की कुत्रा गोंधळतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोकळ्या मातीच्या मैदानावर, कुत्रा दुडक्या चालीने येईल इतक्या वेगाने, दहा मिनिटं. पाचव्या-सहाव्यात वीस ते तीस मिनिटं, मधे दोनदा थांबून. त्याचे तळवे रोज बघा. माणसांची-कुत्र्यांची गर्दी सहन करायची सवय लावायला हैदराबादकरांना कोंडापूरचं पार्क आहे. महापालिकेने २०१८ मध्ये ते खास कुत्र्यांसाठी सुरू केलं. इतरांना गावाबाहेरचं माळरान आहेच.

लीश हँडलला कधीही बांधू नका. कुत्र्याने एक हिसका दिला की माणूस तोंडावर पडतो. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस वापरा. कुत्रा सायकलच्या डाव्या बाजूला ठेवा : चेन उजवीकडे असते, आणि रस्त्यावर गाड्याही उजव्या बाजूने पुढे जातात. डिस्क ब्रेक असेल तर उतारानंतर ती चकती तापलेली असते. कुत्र्याचं नाक तिथे लागू देऊ नका.

सायकल कशी हवी?

पहिल्या सहलीला पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरते. टायर २.१ इंच किंवा जास्त रुंद असावेत. हवा डांबरी रस्त्यावर ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा; अंगाने मध्यम माणसाला २५ ते ३५ पीएसआयमध्ये मुरमावर पकड चांगली मिळते. नेमका आकडा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहूनच ठरवा.

दख्खनच्या पठारावर खरा वैरी काटा. बाभळीचा आणि सराट्याचा. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं किट, पंप आणि टायर काढायचे लिव्हर घ्या. सराटे कुत्र्याच्या बोटांमध्येही रुततात. म्हणून एक छोटा चिमटा हवाच. हेल्मेट, हातमोजे आणि चालू अवस्थेतले ब्रेक यांना पर्याय नाही.

पोहोचायचं कसं?

चारचाकी सगळ्यात सोयीची. सोलापूर-उमरग्याकडून येणाऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग ६५ ने जहिराबाद, सदाशिवपेठ आणि तिथून मोमिनपेठमार्गे विकाराबाद गाठावं. हैदराबाद शहरात शिरायची गरज नाही. उदगीरकर बिदर-जहिराबाद करून याच रस्त्याला लागतात. नांदेड-देगलूरकडून महामार्ग १६१ संगारेड्डीला आणतो. हैदराबादकरांसाठी मोइनाबाद, चेवेळ्ळा हा वडाच्या झाडांचा रस्ता. दिसायला सुंदर आहे, पण वाहतूक भारी. त्यावर कुत्र्यासह सायकल चालवायची नाही. सायकल गाडीवर बांधून न्या. दर दोन तासांनी कुत्र्याला उतरवा, पाणी द्या. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवू नका.

रेल्वेने? विकाराबाद जंक्शन हे लातूर रोड-परळीकडून येणाऱ्या लाइनवर आहे. पण कुत्र्यासाठी नियम कडक आहेत. फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन तुमची असेल तरच तो सोबत बसू शकतो. नाहीतर ब्रेक व्हॅनच्या डॉग बॉक्समध्ये बुक करावा लागतो. स्लीपर, थ्री टियर, टू टियरमध्ये त्याला नेता येत नाही. सायकल पार्सलने जाते. पहिल्याच सहलीला एवढा खटाटोप नको.

दोन दिवसांचा आराखडा

महिना नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मार्च उजाडला की विषय बंद. सहलीला किमान दोन मोठी माणसं हवीत.

पहिला दिवस : दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोहोचा. कुत्र्याला लीशवर ठेवून जागेभोवती पायी चक्कर मारा. तारा, विहीर, खड्डे आणि दुसरी कुत्री कुठे आहेत ते बघा. उजेडात तंबू लावा. डिसेंबरमध्ये पावणेसहाला सूर्य मावळतो, त्यामुळे त्या दिवशी सायकल फार तर अर्धा तास, तीही जवळपास.

दुसरा दिवस : पावणेसातला उजाडतं. पहिली फेरी कुत्र्यासह, मातीच्या वाटेवर, जाऊन-येऊन चार ते पाच किलोमीटर. दर दहा मिनिटांनी थांबा. नऊच्या आत परत. मग एकाने कुत्र्याजवळ सावलीत थांबायचं आणि दुसऱ्याने पंधरा-वीस किलोमीटरची खरी सायकल फेरी मारून यायची. नंतर पाळी बदला. ज्याला वेगाची हौस आहे त्याची ती भागते, आणि कुत्र्यावर ओझं पडत नाही. अकरानंतर सगळ्यांनीच आवराआवर करायची.

जमिनीची परीक्षा सोपी आहे. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवा. तुम्हाला सहन झालं नाही, तर कुत्र्यालाही होणार नाही.

पाणी आणि खाणं

कुत्र्याला एरवी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं. पळापळीच्या दिवशी दुप्पट-अडीचपट धरा. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे दोन ते तीन लिटर. दोन माणसं आणि एक कुत्रा, दोन दिवस, धुणं-स्वयंपाक धरून ३० लिटर पाणी गाडीत हवं : एक २० लिटरचा जार आणि वर दोन कॅन. तलावाचं, डबक्याचं पाणी कुत्र्याला पाजू नका. लेप्टोचा जंतू तिथे असू शकतो. हिरवट साय धरलेलं पाणी तर विषारीही असू शकतं.

पळण्याआधी दोन तास आणि पळाल्यावर अर्धा-एक तास जेवण नको. भरल्या पोटी पळाल्यास मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जीवघेणा आहे. घरचंच नेहमीचं खाणं द्या, थोडं जास्त. हैदराबादेतून बिर्याणी बांधून नेणारच असाल तर ती माणसांसाठी. शिजलेली हाडं, कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांतलं काहीही कुत्र्याला नाही.

रात्रीचं काय?

कुत्रा तंबूच्या आत झोपेल, लीश लावून. बाहेर बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला निमंत्रण. बिबट्या आता फक्त घनदाट जंगलात असतो असं नाही. मे २०२० मध्ये तो हैदराबादच्या मैलारदेवपल्ली भागात भर रस्त्यावर बसलेला दिसला होता. मे २०२४ मध्ये शमशाबाद विमानतळाच्या आवारातून एकाला पकडलं. आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य आहे. दोन माणसांना तीन जणांचा तंबू घ्या, खाली जाड ताडपत्री टाका. कुत्र्याची नखं आधी कापा, नाहीतर तंबूचं कापड फाटतं. त्याच्या गळपट्ट्याला छोटा दिवा आणि तुमचा फोन नंबर लावा.

शेकोटी जागेचा मालक सांगेल तिथेच, आणि झोपण्याआधी पाणी ओतून पूर्ण विझवून. थंडीत सागाचा पालापाचोळा वाळलेला असतो, एक ठिणगी पुरते.

शेतांच्या कडेला आणखी एक धोका आहे. रानडुकरांसाठी काही ठिकाणी वीज सोडलेल्या तारा, फास, कधी पिठात लपवलेले गावठी बॉम्बही ठेवलेले असतात. माणसंही त्यात गेली आहेत. कुत्रा तोंड घालणार हे ठरलेलंच. म्हणून वाट सोडून पिकात शिरायचं नाही, आणि मुक्कामाच्या मालकाला याबद्दल थेट विचारायचं.

गावातली कुत्री आणि माणसं

पाड्यावरून, वस्तीवरून जाताना सायकलवरून उतरा. सायकल आपल्या आणि अंगावर येणाऱ्या कुत्र्यांच्या मधे धरून चालत जा. पळालात की ती मागे लागतात. मेंढ्यांचा कळप दिसला की दूरच थांबा. मेंढपाळाची कुत्री परक्या कुत्र्याला सोडत नाहीत. तुमचा कुत्रा मेंढीला लागला तर नुकसानभरपाई देणं तुमचं काम.

चार तेलुगू शब्द उपयोगी पडतील : कुक्का म्हणजे कुत्रा, नीळ्ळु म्हणजे पाणी, ‘मा कुक्का करवदु’ म्हणजे आमचा कुत्रा चावत नाही, आणि ‘पशुवुल आसुपत्री एक्कड?’ म्हणजे जनावरांचा दवाखाना कुठे आहे? नाही जमलं तर दखनी हिंदी सगळीकडे चालते.

अडचण आली तर

ऊन लागणं : सतत धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४० च्या पुढे गेलं की धोका, ४१ म्हणजे जीवाशी गाठ. लगेच सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, पायांवर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला. बर्फात बुडवू नका. शुद्धीत असेल तर थोडं-थोडं पाणी प्यायला द्या. आणि वाटेत सुधारला तरी दवाखान्यात न्याच. आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर दिसते.

साप चावला : कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. सरळ दवाखाना.

माणसाला कुत्रा चावला : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. लस घेतलेला, घरचा कुत्रा होता म्हणून टाळू नका, डॉक्टरला ठरवू द्या.

माणसांसाठी रुग्णवाहिका १०८, एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२, आणि जनावरांसाठी फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ तेलंगणात आणि महाराष्ट्रातही आहे. तरीही रात्री उघडा असणारा विकाराबाद किंवा हैदराबादच्या पश्चिम भागातला एक पशुवैद्यकीय दवाखाना आधीच शोधून, फोन करून, नंबर कागदावर लिहून ठेवा. टेकडीत नेटवर्क दगा देतं.

परत फिरायची वेळ कोणती?

कुत्रा मागे पडू लागला, वाटेत बसला, सावली शोधू लागला, तळवे चाटू लागला, किंवा आवडता बिस्किटाचा तुकडाही नको म्हणाला, की त्या दिवसाची सायकल तिथेच संपली. ‘अजून दोनच किलोमीटर’ असं म्हणायचं नाही. तो नाही म्हणू शकत नाही, तेव्हा ते आपण म्हणायचं.

घरी आल्यावर कानामागे, बोटांत, काखेत गोचीड शोधा. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सुस्ती किंवा नाकातून रक्त दिसलं तर डॉक्टरला ‘जंगलाकडे गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. तळवे बरे असतील आणि लीश हातात घेतली की तो दाराकडे धावत असेल, तर पुढच्या वेळी सहा किलोमीटर करायला हरकत नाही.